फाटक उघडं ठेवलं आहे

९ एप्रिल
डॉक्टरीणबाईंनी रोजचा रक्तदाब लिहून ठेवायला सांगितला आहे. दाइवाने त्यासाठी ही वही आणून दिली. आकडा लिहून झाला की पानावर इतकी जागा उरते की ती वाया घालवणं मला बरं वाटत नाही.

आज आकडा जास्त आहे. कारण मला ठाऊक आहे. काल माझी लेक दाइवा आणि जावई एगिदियुस पानेवेझिसहून आले होते. हिवाळ्याआधी मी त्यांच्याकडे राहायला जायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं, मी बटाटे सोलत होतो. घर विल्नियसच्या एका जोडप्याला विकायचं. ती माणसं फक्त उन्हाळ्यात येणार आणि त्यांना अंगणभर कापलेलं गवत हवं आहे, बाकी काही नको.

"आणि हॉप?" मी विचारलं.

"बाबा, चौथ्या मजल्यावर हॉप कुठे लावणार?" दाइवा म्हणाली. "बाल्कनीत एगिदियुसची सायकल आहे."

कोठाराच्या दक्षिणेच्या भिंतीला आमचा हॉपचा वेल आहे. माझी बिअर त्याच्याच बोंडांच्या कडवटपणावर उभी आहे. माझ्या आजीने तो पाद्र्याच्या बागेतून चोरून आणला. पाद्र्याने कुठून आणला हे कुणी विचारलं नाही. आता तो गवत कापायच्या यंत्राखाली जाणार.

१२ एप्रिल
झोप नीट नाही. वेल कुणीतरी नेला पाहिजे. पण देता येत नाही, ही पंचाईत.

हॉप मागून घेतला तर रुसतो. विकत घेतला तर बोंडं धरत नाही. आणि देणाऱ्याचे आभार मानले तर वाळून जातो, त्याला औषध नाही. चोरलेलाच लागतो. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी शाळेत फार गेलो नाही, पण हे शाळेत शिकवतही नव्हते.

दाइवाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मी औषधांच्या दुकानात काम करते, हे असलं दुसऱ्या कुणाला सांगू नका."

म्हणजे चोर हवा. आणि गावात चोरी करण्याच्या वयाचं कुणी उरलेलं नाही.

१७ एप्रिल
कौनासहून एक तरुण आला, तौतविदास नाव. घरी बिअर करतो, जुने वेल शोधत गावोगाव फिरतो. गुडघ्यावर बसून मुळांचा वास घेतला. मला माणूस आवडला.

मी म्हटलं, "मी जरा आत जाऊन येतो. मला वेळ लागेल. फावडं तिथे आहे."

मी खिडकीच्या पडद्याआड उभा राहिलो. तो हात बांधून उभा. मी बाहेर आलो, पुन्हा आत गेलो, तरी उभा. शेवटी म्हणाला, "आजोबा, तुमची परवानगी असेल तर एक तुकडा घेऊ का?"

काय करणार, दिला. त्याने तिथेच आभार मानले. फाटकाशी परत मानले. गाडीत बसल्यावर काच खाली करून तिसऱ्यांदा. मी कान झाकून घेतले, त्याला वाटलं मला थंडी वाजते.

२१ एप्रिल
ईस्टरचा दुसरा दिवस. शेजारीण आपोलोनिया अंडी आणि तिच्या बिअरची बाटली घेऊन आली. तिचं घर कुंपणापलीकडे. ती विधवा, मी विधुर, त्यामुळे सणाला आम्ही एकमेकांकडे बसतो, म्हणजे दोन टेबलं मांडावी लागत नाहीत.

तिची बिअर माझ्या बिअरसारखीच लागते. नेहमीच लागते. कडवटपणा आधी जिभेच्या मागे, मग सफरचंदाच्या सालीसारखा वास. खमीर ती माझ्याकडूनच नेते (खमीर उघड नेतात, त्याला चोरावं लागत नाही), त्यामुळे असेल. हॉप तिला पास्वालिसच्या नणंदेकडून मिळतो. माझी बायको मोर्टा होती तेव्हा मी हे बोललो की ती दोघींसाठी चहा टाकायला उठायची.

मी जाण्याचं सांगितलं. आपोलोनिया अंडं सोलत होती. ते सोलून झालं, तिने ते खाल्लं नाही, माझ्या ताटात ठेवलं.

"चौथा मजला," ती म्हणाली. "तिथून पडलात तर?"

"मी का पडेन?"

"तुम्ही सपाट जमिनीवर पडता, शेजारी."

नंतर ती लवकर गेली. काय बिनसलं कळलं नाही. माझ्या बीटच्या सलाडात मीठ जास्त होतं, त्याने असेल.

२५ एप्रिल
विचार केला. गावात चोरी करू शकेल अशी एकटी आपोलोनियाच आहे. हात अजून मजबूत आहेत, आणि बिअर करते. नणंदेच्या हॉपवर किती दिवस काढणार? नणंदही म्हातारी.

म्हणून आज वेलाच्या बुडाभोवतीची माती मोकळी केली, म्हणजे तिला खणायला जड जाऊ नये. मुळं वाऱ्याने सुकू नयेत म्हणून वर जाड पेंढा घातला. फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. फाटक उघडं ठेवलं आहे.

२७ एप्रिल
चर्चहून आलो तर फाटक बंद, आणि वाऱ्याने उघडू नये म्हणून खाली दगड लावलेला. फावडं पायरीवर, पुसून ठेवलेलं.

"काय हो, फाटक सताड उघडं टाकून जाता," आपोलोनिया कुंपणावरून म्हणाली. "फावडंही बाहेर. कुणी नेलं असतं म्हणजे?"

"नेऊ दे की. मला कळणारही नाही. मी आता काही बघत नाही, कानही गेले आहेत."

"कालपर्यंत तर माझा मार्गिस भुंकला की तुम्ही तिथून ओरडायचात."

मार्गिस तिचा कुत्रा. ती त्याला नेहमी अंगणातल्या न्हाणीघराच्या मागे बांधते, जिथे राखायला काहीच नाही.

मी म्हटलं, "त्या वेलाची मुळं अगदी वर आली आहेत. दोन हात मारले की निघतील."

ती म्हणाली, "मला काय करायचंय तुमच्या वेलाचं." आणि लाल झाली. फारच प्रामाणिक बाई. अशा माणसांमुळेच जुन्या गोष्टी नाहीशा होतात.

११ मे
फाटक रोज उघडतो, ती रोज बंद करते. काल तिने कडीला दोरी बांधली.

अंकुर मात्र चांगले आले. जोमदार तेवढे ठेवले, बाकी खुडले, आणि फर झाडाच्या लांब काठ्यांवर चढवले. ते सूर्याच्या मागोमाग वळत जातात, उलट वळवले तर रात्रीत सुटून परत आपल्या बाजूने वळतात. मला हे आवडतं. पेंढा तसाच ठेवला आहे, अजून आशा आहे.

२ जून
तौतविदासचा फोन. त्याचा तुकडा वाळला. मातीची परीक्षा केली, खत घातलं, दिवा लावला, तरी. "माझं काय चुकलं, आजोबा?"

मी सांगितलं. तो हसला नाही, म्हणाला की हे तो लिहून घेतो. आणि फोन ठेवताना माहितीबद्दल आभार मानले.

रक्तदाब मोजला नाही.

९ जून
वेलाची पानं दोन दिवस मलूल होती. मला वाटलं पाणी. आज सकाळी एक देठ जरा ओढून पाहिला तर तो हातात आला, मेणबत्तीतून वात निघावी तसा. खाली मूळच नव्हतं. दुसरा ओढला, तोही. पेंढा बाजूला केला तर खाली बिळंच बिळं. शेतउंदरांनी मुळं तळापर्यंत खाल्ली. मोकळी मऊ माती, वर उबदार पेंढा, त्यांना आणखी काय हवं. मीच त्यांना घर बांधून दिलं.

सगळं खणून पाहिलं. बोटाएवढाही जिवंत तुकडा नाही.

आजीपासूनचा वेल. लढाईत कोठार जळलं तेव्हा पुढच्या वसंतात राखेतून वर आला होता. सामूहिक शेतीच्या काळात त्याच्यावरून ट्रॅक्टर गेला, तरी आला.

आपोलोनिया कुंपणापाशी आली, खड्डा पाहिला आणि परत गेली. थोड्या वेळाने बीटचं गार सूप आणून पायरीवर ठेवून गेली. कुत्रा सारखा भुंकत होता.

१० जून
काही नाही.

२९ जून
काठ्या उतरवून कोठारात ठेवल्या. खमिराची बरणी उघडली तर आंबूस सडका वास. महिनाभर बिअर केली नाही, ते मेलं. आपोलोनियाला सांगितलं की या वेळी तुमच्या बिअरसाठी खमीर नाही. ती म्हणाली दुकानातून पुडी आणते. पुडी. पण मी बोललो नाही, आता मला या बाबतीत बोलायचा काय अधिकार.

१५ ऑगस्ट
झोलिनेचा सण. चर्चमध्ये बायकांनी पहिल्या पिकाच्या आणि फुलांच्या जुड्या नेल्या. दुपारी आपोलोनियाकडे. उकडलेले वाटाणे, त्यावर चरबीचे कुरकुरीत तुकडे, आणि तिची नवी बिअर.

घोट घेतला. कडवटपणा जिभेच्या मागे. मग सफरचंदाची साल.

"काय, बिघडली का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग तोंड असं का केलंत?"

"वाटाणा अडकला."

घरी येऊन विचार करत बसलो आहे. खमीर माझं नव्हतं, दुकानातल्या पुडीचं होतं. पाणीही वेगळं: तिने गेल्या वर्षी नळ घेतला, माझी विहीर. मग चव आली कुठून? पास्वालिसच्या नणंदेचा हॉप माझ्या हॉपसारखा का लागावा? विचार करून डोकं दुखलं. रक्तदाब मोजला, न लिहिलेला बरा.

२४ ऑगस्ट
संत बार्थोलोम्यूचा दिवस, हॉपची बोंडं काढायचा. या दिवशी रिकाम्या हाताने बसण्याची सवय नाही, म्हणून कोठाराचा माळा साफ करायला घेतला. घर विकायचं तर तो रिकामा करायलाच हवा. जुना चारा खाली ढकलला तेव्हा त्यामागे एक झरोका निघाला. तो आहे हे मी विसरूनही गेलो होतो.

झरोक्यातून आपोलोनियाच्या न्हाणीघराची मागची बाजू दिसते.

तिथे दक्षिणेच्या भिंतीला हॉप आहे. छपराच्या वरपर्यंत गेलेला, बोंडांनी वाकलेला. नवा नाही, बुंधे मनगटाएवढे जाड. आपोलोनिया खाली टोपलीत बोंडं काढत होती, आणि एक चोळून हुंगत होती. वारा इकडे येत होता. वास ओळखायला मला शाळेची गरज नाही.

माझा हॉप. किती वर्षांपूर्वी चोरला असेल, देव जाणे. आणि मी महिनाभर फाटक उघडं ठेवून बसलो होतो.

वेल काठीला कापडाच्या पट्ट्यांनी बांधला आहे. निळ्यावर पांढरे ठिपके. मोर्टाच्या एप्रनचं कापड, जो तिला एकदा सापडत नव्हता, म्हणजे ती तसं म्हणाली होती. या बाईने एप्रनही चोरला.

पहिल्यांदा संताप आला. मग शिडीवर बसलो आणि ध्यानात आलं की मला चोर हवा होता तो मिळाला, फक्त मी शोधायला लागण्याच्या कितीतरी आधी. वेल जिवंत आहे. बराच वेळ तिथेच बसलो.

तिला काही बोलणार नाही. बोललो तर तिला कबूल करावं लागेल, आणि कबूल केलेली चोरी म्हणजे चोरी राहत नाही. वेल मोठा आहे, पण धोका कशाला.

१४ सप्टेंबर
दाइवा आली. खूश होती. शहराबाहेरच्या बागांच्या वसाहतीत त्यांनी मातीचा एक तुकडा घेतला आहे, त्यावर लाकडी खोपटं.

"तुमच्यासाठी, बाबा. बसने जाता येईल. तुमचा हॉप तिथे लावा."

मी तिला खड्डा दाखवला. ती रडली. मीच तिची समजूत घातली. एगिदियुस म्हणाला रोपवाटिकेत हॉप मिळतो, अमेरिकेतला, लिंबाच्या वासाचा. चांगला मुलगा आहे.

संध्याकाळी आपोलोनियाला बागेबद्दल सांगितलं, नुसतं सांगायचं म्हणून. तिने दाणे टाकायचे थांबवले.

"ऊन असतं का तिथे?"

"असतं."

"खोपट्याला दक्षिणेकडे भिंत?"

"आहे म्हणते दाइवा."

"आणि उंदीर?"

"मांजर आहे शेजाऱ्यांचं."

"बरं," ती म्हणाली आणि कोंबड्यांवर ओरडली, त्यांनी काही केलेलं नसताना.

१२ ऑक्टोबर
सामान बांधणं चाललं आहे. माझ्या मनात एक गोष्ट आली आहे आणि तिची लाज वाटते. या वयात. पकडला गेलो तर? पाद्री काय म्हणेल? त्याची बाग तरी माझ्या आजीने आधीच लुटली होती म्हणा. मागितला तर सरळ देईल बाई, पण मागितलेला रुसतो. आणि मागायचं म्हणजे मला माहीत आहे हे सांगायचं.

कुत्रा तर आहेच. आणि न्हाणीघर तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. जमायचं नाही. सोडून दिलं.

दुपारी आपोलोनिया कुंपणापाशी येऊन मोठ्याने म्हणाली, "पुढच्या रविवारी मी मोठ्या मिस्साला बिर्झाईच्या चर्चमध्ये जाणार. तिथून नणंदेकडे. अंधार पडल्यावर येईन."

"ओरडता का? मला ऐकू येतं."

"कान गेले म्हणत होतात ना. आणि मार्गिसला घरात कोंडून जाणार. पंजा दुखावलाय त्याचा."

मी कुत्रा पाहिला. तो कोंबडीमागे धावत होता. पण जनावराचं दुखणं दिसत नाही.

१९ ऑक्टोबर
गेलो. मिस्साच्या वेळी गेलो, देव क्षमा करो.

नशीब इतकं कधी साथ देत नाही, म्हणून सगळा वेळ भीती वाटत होती. तिचं फाटक उघडं होतं. बाई निघताना घाईत विसरली असणार. न्हाणीघरामागे फावडं भिंतीला टेकवलेलं, बाहेर, पावसात, आणि मला फावड्याचं शिकवते. वेलाच्या एका बाजूची माती मोकळी केलेली होती, बहुतेक हिवाळ्याआधी खत घालायचं असेल. बाजूला ओलं गोणपाट पडलं होतं. मी गोणपाट न्यायला विसरलो होतो, तेव्हा तेही उपयोगी पडलं. ते परत केलं पाहिजे, पण कसं?

दोन हात मारले आणि मूळ निघालं. चांगलं, अंगठ्याएवढं जाड, डोळ्यांसकट. निघताना पाय घसरला आणि मी सपाट जमिनीवर पडलो. आत मार्गिस एकदा भुंकला आणि गप्प झाला. स्वयंपाकघराचा पडदा हलला असं वाटलं. कुत्राच असणार, ती तर बिर्झाईला होती.

म्हातारपणी फार निष्काळजी होत चालली आहे. मी गेल्यावर तिच्याकडे कोण बघणार, याची काळजी वाटते.

२० ऑक्टोबर
"माझ्याकडे काल चोर आला होता," आपोलोनिया म्हणाली.

माझ्या हातातली बादली खाली पडली. "काय गेलं?"

"फारसं काही नाही. एक गोणपाट."

"पोलिसांना कळवलंत?"

"गोणपाटासाठी?" ती म्हणाली. "माणूस बरा होता. खड्डा बुजवून गेला. फक्त चिखलात बसून गेला, त्याचा ठसा राहिलाय. गुडघा कसा आहे तुमचा?"

"का? बरा आहे."

"सहज विचारलं. हवा बदलली की दुखतो ना."

संशय तर नाही आला? सबंध दुपार तेच डोक्यात. रक्तदाब जास्त. मूळ कोठारात वाळूच्या बादलीत आहे, वर बटाट्याचं पोतं टाकलं आहे.

२६ ऑक्टोबर
आज निघालो. हे गाडीत लिहितो आहे, एगिदियुस हळू चालवतो म्हणून जमतं.

सकाळी मोर्टाच्या थडग्यावर मेणबत्ती लावली. सवडीने बसून तिला वेलाचं सगळं सांगितलं, एप्रनचंही. ती कधी कुणावर रागावणारी नव्हती, तरी सांगितलेलं बरं.

आपोलोनिया फाटकाशी आली. सणाचा रुमाल डोक्याला. हातात राय धान्याची ताजी पावरोटी, फडक्यात गुंडाळलेली, अजून गरम.

"वाटेत खा. दाइवाच्या शहरात मिळते ती पावरोटी नव्हे, स्पंज आहे."

मागच्या सीटवरच्या बादलीकडे तिने पाहिलं. बादलीवर पोतं होतं, पण त्याच्या कडेखालून तिचं गोणपाट डोकावत होतं. आता पकडला गेलो असं वाटलं. पण तिने नुसतं पोतं नीट केलं, मूल पांघरतात तसं, आणि दार लावलं.

"बादली गुडघ्यांत धरा," ती एगिदियुसला नाही, मला म्हणाली. "वळणावर कलंडेल."

इतक्या वर्षांची शेजारीण. काहीतरी बोलायला हवं, पावरोटीबद्दल तरी. मी टोपी काढली आणि म्हटलं, "आपोलोनिया, मी तुमचे..."

तिने हात माझ्या तोंडावर दाबला. पिठाचा वास होता हाताला. इतका जोरात दाबला की दात लागले.

"एक शब्द नाही," ती म्हणाली. "ऐकलंत? एक शब्द बोलायचा नाही. चला, बसा गाडीत."

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पूर्वेचा वारा होता, बोचरा. मी बसलो. ती फाटकात उभी राहिली, गाडी वळेपर्यंत, आणि फाटक लावलं नाही.

आता बादली गुडघ्यांत आहे. पावरोटी अजून कोमट आहे. मी मघापासून विचार करतो आहे आणि मला काही उलगडत नाही. एका पावरोटीचे आभार मानले असते तर तिचं काय बिघडणार होतं?